साठ फुटांना अकराशे पावलं

३ जानेवारी

बियाण्याच्या दुकानदाराने ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल. माझ्याकडे ना शेत ना हरभरा, पण अळ्या या गावात भरपूर दिसतात, म्हणून लिहायला घेतली.

एकतीस वर्षं एसटीत काढली. त्यातली शेवटची एकोणीस इथल्याच बसस्थानकावर, वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा सुटली आणि का, हे रोज रजिस्टरला लिहिलं. निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी गाव मला कंट्रोलरच म्हणतं. गाड्या गेल्या, पण लिहायची सवय हातात राहिली. निदान गावाची घाण तरी वेळेसह नोंदवावी.

नोंद पहिली. सकाळी ९.२०, नाका चौक. रस्त्याच्या मधोमध छातीइतकी उंच लोखंडी जाळी, पेट्रोल पंपापासून नदीच्या पुलापर्यंत सलग. दीड वर्षापूर्वी बसवली. खालचा दीड फूट भाग गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी तांबडा झालेला. वर कुणाकुणाच्या वाढदिवसाचे बॅनर, त्यातले दोन गेल्या वर्षीचे. एके ठिकाणी गोधडी वाळत घातलेली. बुडाशी कॅरीबॅग, केळीची सालं आणि एक मेलेली घूस, जी परवाही तिथेच होती. सळयांचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी सुसाट जातात, कारण आता मधे माणूस येतच नाही.

घर माझं या बाजूला. बाजार, बसस्थानक, दवाखाना, विहार, सगळं त्या बाजूला. रस्त्याची रुंदी साठ फूट. पंपापर्यंत जाऊन वळसा घालून समोर यायचं तर अकराशे पावलं होतात. मी मोजली आहेत. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या गाढवाचं नाव मला पाहिजे.

४ जानेवारी

बेबीनंदाला सांगितलं की चौक माणसांसाठी पुन्हा उघडावा म्हणून मी अर्ज करणार. ती ओट्यावर मेथी निवडत होती. म्हणाली, "अर्ज नका करू. तुमच्या अर्जाचं काय होतं ते मला म्हाईत हाय."

म्हणजे काहीच होत नाही, असं तिला म्हणायचं असावं. बायकांना शासकीय पत्रव्यवहाराची किंमत नसते. माझ्या कपाटात पोच घेतलेल्या अर्जांच्या चार फायली आहेत. बसस्थानकाच्या नळाला तोटी माझ्या अर्जामुळे बसली.

पूर्वी ती रोज संध्याकाळी पाचला पलीकडे जायची, दिवेलागणीच्या आत यायची. जाळी झाली आणि पाठोपाठ तिच्या गुडघ्यांनीही जबाब दिला. आता घरीच असते. तसं तिचं बरं चाललं आहे.

९ जानेवारी

नगरपंचायतीत गेलो. तिथल्या लिपिकाचं नाव अंगद, कामाचा माणूस, पण टेबलावर बोटभर धूळ आणि त्या धुळीत चहाच्या कपाचे गोल. म्हणाला, काका, रस्ता आमचा नाही, बांधकामवाल्यांचा. बांधकामवाले म्हणाले, जाळी आम्ही बसवली, पण वाहतुकीचं पोलीस बघतात. पोलीस म्हणाले, चौक नगरपंचायतीचा. तिघांच्याही जिन्याच्या कोपऱ्यांत सारखीच तांबडी थुंकी. एवढ्या एकाच गोष्टीत या कार्यालयांचं एकमत आहे.

तिघांनाही अर्ज दिले. तिन्हीवर पोच घेतली. अंगदने अक्षराचं कौतुक केलं. असं अक्षर आता बघायला मिळत नाही म्हणाला.

१६ जानेवारी

शी. आजचा सदरा धुऊन निघेल असं वाटत नाही.

चौकात कुणीतरी जाळीचे दोन गज कापून भोक पाडलं आहे. पोरं, बाप्ये, पाटी घेतलेल्या बाया, सगळे त्यातून अंग चोरून जातात. मी आजवर कधी गेलो नव्हतो. पण आज पोलीस ठाण्यात साडेअकराची वेळ दिली होती आणि मला उशीर झाला होता. मला, उशीर. म्हणून घुसलो. डोकं आणि एक हात पलीकडे गेला आणि पोट अडकलं. पांढऱ्या सदऱ्यावर गजावरची ओली थुंकी लागली. मागून एक ट्रॉली हॉर्न देत अंगाला चाटून गेली. दोन पोरांनी मोबाईल काढले.

शेवटी पलीकडून एका बाईने हात धरून ओढलं. बसस्थानकाच्या फाटकापाशी फळांची पाटी घेऊन बसणारी द्वारकाबाई. एकोणीस वर्षं मी तिला केबिनमधल्या माइकवरून, फाटकापासून मागे सरक म्हणून ओरडत आलो. तिने पदराने माझा सदरा पुसला आणि विचारलं, "बेबीनंदाबाई कशी हाय? लय दिस झाले, दिसून नाही राह्यली." मी म्हणालो, बरी आहे. मग तिने दोन पेरू दिले, बाईला द्या म्हणाली.

पोलीस ठाण्यात साहेब नव्हतेच. परत वळशाने आलो. वाटेत भूक लागली म्हणून एक पेरू खाल्ला. दुसरा बेबीनंदाला दिला. कुठून आणला विचारलं, तर विकत घेतला असं सांगून टाकलं. भोकात अडकल्याची कथा सांगावी लागली असती. निरोप सांगायचा राहिला. तसं त्यात महत्त्वाचं काही नव्हतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर नगराध्यक्षांना निवेदन दिलं. त्यांनी ते न वाचता हातात धरलं, फोटोला तोंड केलं आणि मागच्या माणसाकडे दिलं. मागच्याने आणखी मागच्याकडे. चौथ्या माणसाने त्याची घडी करून त्यावर जिलबी ठेवली. मी समोरच उभा होतो.

जिलबी मलाही दिली. खाल्ली नाही.

५ फेब्रुवारी

आज नगरपंचायतीत, अंगदच्या टेबलावर, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. नाका चौक पादचाऱ्यांसाठी बंद करण्याचा निर्णय कुणाच्या मागणीवरून झाला, मूळ कागदाच्या छायांकित प्रतीसह कळवावे. आता तीस दिवसांत नाव बाहेर येईल. नाव आलं की फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापून त्याच जाळीला बांधणार आहे.

द्वारकाबाईने पुन्हा हाक मारली. भोकातून नव्हे, मी वळशाने गेलो होतो. म्हणाली, या बाजूला आता गिऱ्हाईक येत नाही, पलीकडच्या बाया तर बिलकुलच तुटल्या. महिनाअखेर ती लेकीकडे तीर्थपुरीला जाणार, कायमची. म्हणाली, "बाईला येकदा घेऊन या, साहेब. जायच्या आंदी भेटू द्या."

मी तिला म्हणालो, चौक उघडू दे, बाई याच रस्त्याने समोरून चालत येईल. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्रच उभं राहिलं. घरी बोललो नाही. एकदम चौक उघडल्याचीच बातमी द्यावी म्हणतो.

१४ फेब्रुवारी

बेबीनंदा आज आपणहून म्हणाली, मला पलीकडे जाऊन यायचंय. मी म्हणालो, थांब थोडे दिवस. तिने चप्पल घातलीसुद्धा होती. रिक्षा करू का विचारलं तर म्हणाली, समोरचा रस्ता ओलांडायला रिक्षा केली म्हणून लोक हसतील. गाडी चालवायला मी शिकलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी चालवलेल्या सोडल्या.

निघालो. संध्या. ४.५०. दोनशे पावलांवर ती पहिल्यांदा थांबली. साडेतीनशेवर पुन्हा. पंपाची भिंत आली तेव्हा साडेचारशे झाली होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. त्या भिंतीवर देवांच्या फरशा बसवल्या आहेत, तरी लोक तिथेच मुततात. फरशा सोडून मधल्या जागेत, नेम धरून. तिला तिथेच खाली टेकावं लागलं. त्या ओल्या, घाण मारणाऱ्या कठड्यावर माझी बायको पदर नाकाला लावून बसली आणि मी नुसता शेजारी उभा. जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने आमच्या पुढ्यात पिचकारी टाकली.

तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर तिने गुडघ्यांना तेल लावलं. ज्याने जाळी बसवायला लावली त्याला त्या कठड्यावर एक दिवस बसवला पाहिजे. मला आज त्या माणसाची किळस आली. खरंच आली, पोटातून.

एवढं कशासाठी जायचं होतं, हे विचारायचं राहिलं. विहारात असेल.

२८ फेब्रुवारी

बसस्थानकाच्या फाटकापाशी द्वारकाबाईची जागा रिकामी दिसली. कडब्याची पेंडी, ज्यावर ती बसायची, तेवढी पडून होती. दुपारी तिथे मोबाईलचे कव्हर विकणारा टेबल लावून बसलासुद्धा.

जाळीमुळे किरकोळ विक्रेत्यांवर झालेल्या परिणामाचं हे चांगलं उदाहरण आहे. पुढच्या निवेदनात घालता येईल. घरी सांगितलं नाही. चौक उघडेपर्यंत उगीच तिला हळहळ नको.

९ मार्च

लखोटा आला. स. ११.१०. पोस्टमनला पाणीसुद्धा विचारलं नाही, ओट्यावरच फोडला.

तीन पानं. वरचं कव्हरिंग पत्र. दुसरं, बांधकामवाल्यांचा प्रस्ताव, त्याची पहिली ओळ "संदर्भ क्र. १ च्या अर्जानुसार." तिसरं पान म्हणजे तो संदर्भ क्रमांक एक.

अक्षर बघूनच मला कळलं. असं अक्षर आता बघायला मिळत नाही.

चार वर्षांपूर्वीचा अर्ज. निवृत्तीच्या आधीचं वर्ष. खाली माझी सही, कंसात पदनाम. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण उतरवला नाही तर उद्या मी म्हणेन की मी असं लिहिलंच नव्हतं:

"सदर चौकात सायंकाळी ५.४० चे सुमारास पादचारी, विशेषतः स्त्रिया, विनाकारण रेंगाळतात व रस्त्याचे मधोमध उभ्या राहून गप्पा मारतात, अशी चालकांची वारंवार तक्रार आहे. त्यामुळे मंठा गाडीस रोज विलंब होतो. तरी सदर चौक पादचाऱ्यांसाठी कायमस्वरूपी बंद करून मधोमध लोखंडी जाळी बसविण्यात यावी."

मी विसरलो होतो. हे खरं आहे आणि सांगायलाही लाज वाटते. एकोणीस वर्षांत शेकडो अर्ज लिहिले. कुणी काही करत नाही, या खात्रीवर लिहिले. हा एक कुठेतरी रुजला आणि अडीच वर्षांनी जाळी होऊन उगवला. पानाखाली आजचा सल्ला उन्हाळी भुईमुगाच्या आंतरमशागतीचा आहे.

जेवलो नाही.

१० मार्च

कागद लपवून ठेवायचा विचार होता. पण सकाळी पाहिलं तर बेबीनंदा ओट्यावर बसून तोच वाचत होती. हळू वाचते ती, ओळीखाली बोट ठेवून. वाचून झाल्यावर नीट घडी केली.

मी म्हणालो, मला आठवत नव्हतं. म्हणाली, तिला आठवत होतं. चार वर्षांपूर्वी पोचवायच्या आधी मी तो तिला वाचून दाखवला होता, नेहमीसारखा, चुका राहिल्या का बघ म्हणून. जाळी बसली त्या दिवशीच तिला समजलं होतं की ही कुणाची.

मग दीड वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. जरा चिडूनच विचारलं, कारण चिडल्याशिवाय विचारता येत नव्हतं.

ती म्हणाली, "त्या गप्पा मारणाऱ्या बायांतली येक मी व्हते. दुसरी द्वारकाबाई. तुम्ही वाचून दाखवलं तवा मला वाटलं, तुम्हाला म्हाईत हाय, अन् म्हाईत असूनच लिहून राह्यले. मंग काय बोलायचं?"

मला माहीत नव्हतं. मी केबिनमधून कधी मान वर करून पाहिलंच नाही. चालक सांगायचे, दोन बाया मधे उभ्या राहतात, हटत नाहीत. मी रजिस्टरला लिहायचो: उशीर सात मिनिटे, कारण चौकात पादचारी.

ती सांगत गेली. मी गाड्यांत अडकलेला, लेक दीपमाला लग्न होऊन पुण्याला गेलेली, घर खायला उठायचं. पाचला ती पलीकडे जायची, द्वारकाबाईच्या पाटीशेजारी बसायची. गिऱ्हाईक आलं तर तोलून द्यायची. निघताना द्वारकाबाई तिला चौकाच्या मध्यापर्यंत सोडायला यायची आणि तिथे आणखी काहीतरी बोलायचं निघायचंच. पंधरा वर्षं. मी समजत होतो भाजीला जाते.

एवढं झालं तरी द्वारकाबाई गावात नाही, हे मी आजही तिला सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. हेही लिहून ठेवतो.

१२ मार्च

अंगदकडे गेलो. त्याने लखोटा पाठवायच्या आधी सगळं वाचलेलं असणार, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हणाला, "काका, एक बराबर रस्ता हाय. मूळ अर्जदारानं लिहून दिलं की माझी तक्रार राह्यली न्हाई, तर फाईलीचा आधारच जातो. मंग जाळी कशासाठी, हे त्यांना सांगावं लागंल."

म्हणजे दोन महिने मी तीन कार्यालयं पालथी घातली आणि किल्ली माझ्याच खिशात होती.

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. कारण लिहावं लागतं. "जनहितार्थ" लिहिलं, खोडलं. जनहित म्हणूनच आधीचाही लिहिला होता. "परिस्थितीत बदल झाल्याने" लिहिलं, खोडलं. बदल काहीच नाही. "चालकांच्या चुकीच्या माहितीवरून" लिहिलं आणि फाडून टाकलं, कारण ते लिहिताना माझीच मला शिसारी आली. चालकांनी दोन बाया सांगितल्या, दोनच होत्या.

शेवटी लिहिलं: "त्या वेळी मी केबिनमध्ये बसून होतो. आता पायी चालतो. सबब माझा संदर्भीय अर्ज मागे घेत असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही."

बेबीनंदाला वाचून दाखवला नाही. धीर झाला नाही.

४ एप्रिल

चौक उघडला.

तीस फूट जाळी कापून काढली. कापलेल्या गजांची टोकं तशीच, धारदार. जमिनीवर पांढरे पट्टे मारले, पण खाली शेण होतं ते न काढता, त्यामुळे दोन पट्टे आजच निघाले. नगराध्यक्षांचा फ्लेक्स मात्र दोन मजले उंच: "आमच्या अथक प्रयत्नांतून नाका चौक पादचाऱ्यांसाठी खुला." खाली बावीस माणसांचे फोटो. त्यातल्या एकानेही हा रस्ता कधी पायी ओलांडलेला मी पाहिला नाही.

फीत दहाला कापायची होती, कापली पावणेबाराला. तोवर दोन्ही बाजूंची माणसं उन्हात, उघडायच्या रस्त्याच्या काठावर, फीत कापायची वाट बघत उभी. उघडा रस्ता समोर आहे आणि कुणी पाय टाकत नाही. एक म्हातारी निघाली तर कार्यकर्त्याने तिला मागे ढकललं.

मग माझं नाव पुकारलं. "चौक उघडावा म्हणून एकहाती झगडणारे ज्येष्ठ नागरिक, कंट्रोलर साहेब." अंगद कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मी जाऊ नये असं मला स्पष्ट वाटत होतं. गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला तोंड केलं. माझ्या निवेदनावर जिलबी ठेवणारा माणूसच माझ्या खांद्यावर शाल नीट करत होता. त्याच्यात आणि माझ्यात आज मला काही फरक दिसला नाही.

बेबीनंदा आली नव्हती. गर्दी हटल्यावर, उद्या जाईन म्हणाली.

५ एप्रिल

संध्या. ५.०५ ला निघाली. इस्त्रीचं निळं पातळ, हातात पितळी डबा. डब्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळपासून त्याच्या मागे होती. मी सांगायला हवं होतं. तिने धपाट्याचं पीठ मळायला घेतलं तेव्हा, थापताना, डबा भरताना, तीन वेळा सांगता आलं असतं. मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

ती चौकातून सरळ चालत गेली. एक ट्रक तिच्यासाठी थांबला. फाटकापाशी पोचली, मोबाईल कव्हरच्या टेबलापाशी. त्या पोऱ्याला काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले. मग ती जिथे ती पेंडी असायची तिथे उभी राहिली. नुसती उभी. लोक तिला धक्के देत जात होते.

५.१६ ला परत. डबा तसाच.

म्हणाली, "तुम्हाला म्हाईत व्हतं."

तिने विचारलं नव्हतं, तरी उत्तर दिलं. सगळं सांगितलं. हात धरून ओढलं ते, निरोप ते, महिनाअखेरचं ते. पेरूचंही सांगितलं. दोन दिले होते, एक मी खाल्ला, दुसऱ्याला विकतचा म्हणालो. बाकी सगळं तिने शांतपणे ऐकलं, पेरूपाशी मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिनं पेरू पाठवले, अन् मला वाटलं ती विसरली मला," एवढंच म्हणाली.

धपाटी कुणी खाल्ली नाहीत. मला माझा तिटकारा आला आहे, आणि तो लिहून कमी होत नाही.

११ एप्रिल

सहा दिवस. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं नाही.

चौकात कापलेल्या गजांवर कालपासून नव्या पिचकाऱ्या सुरू झाल्या. पण माणसं जातात. मी मोजलं, संध्याकाळच्या एका तासात चारशे बारा. बायका जास्त. मधोमध उभ्या राहून बोलतात. एसटीचा चालक हॉर्न वाजवतो, त्या हटत नाहीत. मी बराच वेळ बघत उभा राहिलो.

१३ एप्रिल

तीर्थपुरी गाडीच्या कंडक्टरला गाठलं. द्वारकाबाई नावाची म्हातारी, लेकीकडे राहणारी. त्याने लगेच सांगितलं, तिथल्या स्टँडच्या फाटकापाशीच बसते, कलिंगडं घेऊन. मागे सरक म्हटलं तर सरकत नाही.

घरी येऊन बेबीनंदाला सांगितलं. गाडी सकाळी ८.१०. दोघं जाऊ म्हणालो. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, परवा जाईन, उद्या जयंती आहे. आणि म्हणाली, "तुम्ही नका येऊ. चौकापस्तोर सोडा."

किती दिवस राहणार, हे मी विचारलं. म्हणाली, ते आत्ता काय सांगू.

१५ एप्रिल

स. ७.५० ला घर सोडलं. पिशवी माझ्याकडे, डबा तिच्याकडे. काल जयंतीची मिरवणूक चौकातूनच गेली, तिचे कागद आणि फुलं सगळीकडे पडलेली, त्यावरून दूध घेऊन जाणाऱ्याची गाडी घसरली. आम्ही थांबत थांबत निघालो. चौकात पोचलो तेव्हा ८.०९ झाले होते.

रस्त्याच्या मधोमध तिचा गुडघा धरला. तिथेच थांबली, एका हाताने माझं मनगट पकडून. बरोबर त्याच वेळी तीर्थपुरी गाडी फाटकातून बाहेर पडली आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे ट्रक, त्याच्या मागे आणखी ट्रक. हॉर्न सुरू झाले. चालकाने मान बाहेर काढली आणि मला ओळखलं. म्हणाला, "कंट्रोलर साहेब, टाइम झाला ना."

मी हात वर केला. एकोणीस वर्षं याच हाताने गाड्या सोडल्या. आज धरून ठेवली.

दम घेऊन ती पुढे आली आणि गाडीच्या दाराला हात लावला. बसस्थानकाबाहेर प्रवासी घेऊ नये, अशी सूचना माझ्याच अक्षरात त्या केबिनमध्ये अजून लावलेली आहे. कंडक्टर माझ्या तोंडाकडे बघू लागला. मी पिशवी आत ठेवली. तिला चढायला वेळ लागला. पहिली पायरी, थांबली, दुसरी पायरी. मागचे ट्रकवाले आईबहिणीवरून शिव्या देत होते, मला आणि तिला. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

ती खिडकीशी बसली, डबा मांडीवर. माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर, रस्त्याकडे बघत होती.

घरी येऊन लिहितो आहे. घर खायला उठतं असं ती म्हणाली होती, ते साधारण असंच असावं.

तीर्थपुरी. सुटण्याची वेळ ८.१०. चौकातून सुटली ८.१७. उशीर सात मिनिटे. कारण: चौकात पादचारी, स्त्री, एक.

तक्रार नाही.